घर सांभाळणाऱ्यांनी स्वतःला कसं सांभाळावं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात वेल्ह्याच्या कानंद खोऱ्यात किंवा भोरच्या हिरडस मावळात गेलात, तर खाचराखाचरांत कमरेतून वाकलेल्या बायकांच्या ओळी दिसतील. डोक्यावर इरलं नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, पाय पोटरीपर्यंत चिखलात, हातात तरव्याची मूठ. सकाळी खाचरात उतरलेली बाई दिवस कलल्यावर वर येते आणि घरी जाऊन थेट चुलीपुढे बसते. पहाटे तिनं धार काढलेली असते, भाकऱ्या थापलेल्या असतात, मुलांचे डबे भरलेले असतात. नवरा पुण्यात किंवा मुंबईत कामाला, शनिवारी रात्री घरी येणारा. घरात सासू-सासरे, त्यांतलं एखादं अंथरुणाला खिळलेलं. शेत, गोठा, चूल, म्हातारी माणसं आणि पोरं, हा सगळा कारभार एका शरीराच्या बळावर चाललेला असतो.

त्या शरीराकडे लक्ष द्या, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. पण नुसतं ‘स्वतःची काळजी घ्या’ म्हणून भागत नाही, कारण त्यावर येणारं उत्तर ठरलेलं आणि अगदी खरं असतं: ‘वेळ कुठाय?’ केंद्र सरकारनं २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामात गेली, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. लहानांचं आणि आजाऱ्यांचं करण्यातला वेळ यात धरलेला नाही, तो वेगळा. म्हणून माझं म्हणणं असं, की स्वतःची काळजी ही एकटीनं, घरच्यांच्या नकळत, उरलेल्या वेळात उरकायची गोष्ट नाही. घरातल्या कामाची वाटणी बदलली तरच ती टिकते. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा स्वतःच्या आरोग्याची काळजी घेण्याच्या व्याख्येत माणसाबरोबर त्याचं कुटुंब आणि त्याचा समाज धरते. या काळजीसाठी जगभर २४ जुलै हा दिवस पाळला जातो. आपल्याकडे तो ऐन लावणीत येतो, तेव्हा लावणीपासूनच सुरुवात करू.

ताट आणि तांब्या

सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसायची रीत अजून बहुतेक घरांत आहे. शेवटी बसणारीच्या वाट्याला भात येतो आणि आमटीचं पाणी येतं. डाळ, भाजी, अंडं, सुकट आधीच संपलेलं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. म्हणजे खाचरातल्या ओळीत दहा जणी असतील, तर त्यांतल्या पाच-सहा जणींचं रक्त कमी असण्याची शक्यता आहे. चढ चढताना धाप लागणं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणं, दुपारनंतर हातपाय गळून जाणं, किरकोळ गोष्टीवरून मुलांवर ओरडणं, हे सगळं आपण स्वभावाच्या किंवा वयाच्या खात्यावर टाकतो. पुष्कळदा ते रक्ताचं दुखणं असतं.

ते भरून निघालं की कामावर काय फरक पडतो, याचा चांगला पुरावा श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतून मिळाला आहे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पानं खुडणाऱ्या बायकांना लोह दिलं गेलं. ज्यांचं हिमोग्लोबिन वाढलं त्या जास्त चहा खुडू लागल्या. त्याच वर्षी इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यांतल्या कामगारांबद्दलही असाच निष्कर्ष पुढे आला. तेव्हा ‘आता कामाची घाई आहे, लावणी आटपली की बघू’ हा हिशोब उलटा आहे. लावणी नीट व्हायला हवी असेल तर आधी बघायला हवं.

करायचं ते फार अवघड नाही. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एकत्र घ्या. ते जमत नसेल तर वाढायला घेण्याआधी आपल्या वाटणीची डाळ-भाजी वेगळ्या वाटीत काढून ठेवा आणि तसं करताना संकोच बाळगू नका. सकाळी नुसत्या चहावर खाचरात उतरू नका. नाचणीची अर्धी भाकरी आणि पातळ भाजी पोटात गेली तरी दुपारपर्यंत ताकद टिकते. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं, आणि ती आपल्याच वरकस जमिनीत पिकते. पावसाळ्यात बांधावर टाकळा, कुर्डू, भारंगी फुकट मिळते. ओढ्यातले खेकडे, घरच्या कोंबडीचं अंडं हे पाहुण्यांसाठी आणि मुलग्यांसाठीच राखून ठेवण्याचं काहीच कारण नाही. पालेभाजीवर लिंबू पिळलं की तिच्यातलं लोह अंगी लागतं; जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जातं. चहा तासाभरानं घ्या.

उपकेंद्रात हिमोग्लोबिन मोफत तपासतात. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या वर हवं. कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या तिथंच मिळतात. त्या घेतल्यावर शौचाला काळं होतं, काहींना मळमळतं, आणि एवढ्यावरून पुष्कळ जणी पहिल्याच आठवड्यात पाकीट फडताळात टाकून देतात. काळं होणं हा गोळीचा गुण आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या आणि आशाताईंना तसं सांगा. महिना-दोन महिन्यांत बरं वाटू लागलं तरी गोळ्या थांबवू नका, शरीरातला साठा भरायला त्यापुढेही काही महिने लागतात.

पाण्याची गोष्ट याहून जास्त दडपलेली आहे. शेतात आडोसा नसतो, म्हणून बायका पाणीच कमी पितात. शिरवळला किंवा खेड-शिवापूरला कंपनीत जाणाऱ्या मुलीही तेच करतात: गाडीत तासभर जातो, लाइनवरून उठायला परवानगी मागावी लागते, आणि ती सतत मागायची लाज वाटते. मग लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, ताप येणं. हे वारंवार झालं तर मूत्रपिंडापर्यंत जातं. लावणीला जाताना प्रत्येकीनं पाण्याची बाटली न्यावी, आणि ज्याचं खाचर असेल त्या घरानं बांधाच्या कडेला दोन बांबू आणि एक जुनं लुगडं लावून आडोसा करावा. हे कमीपणाचं नाही. ज्या घरी बायका राबायला येतात त्या घरानं चहापाण्याइतकंच ते मनावर घेतलं पाहिजे. कंपनीतल्या मुलींनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: स्वतंत्र स्वच्छतागृह, सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि उभ्यानं काम करणाऱ्यांना अधूनमधून बसायची सोय या गोष्टी १९४८ च्या कारखाने कायद्यानंच मान्य केल्या. ती कुणाची मेहरबानी नाही. चारजणींनी मिळून मागितलं तर एकीवर डोळा राहत नाही.

कंबर, पाय आणि अंगावर काढलेली दुखणी

लावणीत सगळ्यात आधी जाते ती कंबर. दिवसभर एकाच तऱ्हेनं वाकलं की मणक्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू आखडतात आणि रात्री कूस बदलणंही जड जातं. यावर मलम चोळण्याआधी काम फिरवून पाहा. तरवा उपटणं बसून होतं, लावणं वाकून होतं, मुठी टाकणं चालत होतं. गटानं तासातासाला ही कामं आपसांत बदलली, तर कुणाच्याच कमरेवर अख्खा दिवस ताण येत नाही. बांधावर आल्यावर दोन्ही हात कमरेवर ठेवून सावकाश मागे वाकावं, पाच-सहा वेळा. गवताचा भारा किंवा लाकडाची मोळी उचलताना पाय दुमडून खाली बसावं आणि भारा अंगाजवळ घेऊन उठावं. ताठ पायांनी वाकून झटक्यात उचलू नये. एका मोठ्या भाऱ्याऐवजी दोन लहान भारे आणणं वेळखाऊ वाटतं, पण कंबर धरली की जाणारे दिवस मोजले तर तेच स्वस्त पडतं.

पायांना चिखल्या होतात, बोटांच्या बेचक्यात कातडं पांढरं पडून सोलतं. चिखलात बूट रुतून बसतात, त्यामुळे लावणीत पाय उघडेच राहणार हे मान्य करून उपाय करावा लागतो. संध्याकाळी पाय साध्या स्वच्छ पाण्यानं धुवा, बेचक्या कोरड्या फडक्यानं टिपा, आणि चुलीजवळ बसताना त्या उघड्या राहू द्या. फरक पडला नाही तर आरोग्य केंद्रातून बुरशीवरचं मलम आणा. पायाला चीर किंवा जखम असेल तर त्या दिवशी चिखलात उतरू नका. उंदरांच्या मुतानं खराब झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. लावणीच्या दिवसांत जोराचा ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, डोळे लाल झाले, तर तापाची गोळी खाऊन पडून राहू नका. ‘मी रोज भाताच्या खाचरात असते’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, म्हणजे त्यांच्या ते लगेच लक्षात येतं. आणि पावसात जमिनीवर अंथरूण टाकू नका. मण्यार रात्री घरात शिरते आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. साप चावला तर करकचून दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे नेणं यांत जीव जातो. १०८ ला फोन करा आणि ज्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे तिथं पोहोचा. आपल्या गावाला सगळ्यात जवळचं असं रुग्णालय कोणतं, हे पाऊस सुरू होण्याआधीच विचारून ठेवा.

आता जे कुणी कुणाशी बोलत नाही त्याबद्दल. अंगावरून पांढरं जाणं, पाळीत फार रक्त जाणं, आणि अंग बाहेर येणं. बाळंतपणानंतर सव्वा महिना विश्रांती देण्याची आपली रीत शहाणी आहे, पण शेतीचा हंगाम असला की ती पंधरा दिवसांवर येते, आणि मग ओली बाळंतीण पाण्याचे हंडे वाहू लागते. ओटीपोटाचे स्नायू तेव्हा सैल असतात. पुढे चाळिशीत जड वाटणं, शिंकताना लघवी सुटणं, पिशवी खाली सरकणं सुरू होतं आणि बाई ती लाज अंगावर काढत राहते. सुरुवातीला यावर साधा व्यायाम आहे: लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात, ते आवळून पाच मोजेपर्यंत धरायचे आणि सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. चुलीपुढे बसून, गाडीत बसून, कुणाला न कळता करता येतो. त्रास वाढलेला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आतून बसवायची कडी देतात; दर वेळी शस्त्रक्रियाच लागते असं नाही.

आणि ‘पिशवी काढून टाका, कटकट जाईल’ असं कुणी एका भेटीत सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. बीडमधल्या ऊसतोड कामगार बायकांची गर्भाशयं किती सहज काढली जात होती, याची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्य सरकारला समिती नेमावी लागली. कमी वयात गर्भाशय आणि त्याबरोबर बीजकोश काढले, तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयाला असलेलं संरक्षणही लवकर जातं. काही आजारांत ही शस्त्रक्रिया खरोखर जीव वाचवते, म्हणूनच ती कशासाठी करायची हे कळल्यावर करावी.

या बाबतीत भोरला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यात मोलाचं काम झालं आहे. महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ, म्हणजे ‘मासूम’, ही संस्था मनीषा गुप्ते आणि रमेश अवस्थी यांनी १९८७ मध्ये सुरू केली. तिथं गावातल्याच बायका शिकून तयार झाल्या आणि ‘सदाफुली’ केंद्रांतून आपल्यासारख्याच बायकांशी बोलू लागल्या. आपलं शरीर आतून कसं आहे, कोणता स्राव नेहमीचा आणि कोणता आजाराचा, हे गावातली बाई दुसऱ्या बाईला समजावून सांगते. माझ्या मते या कामाचा सगळ्यात मोठा लाभ औषधाचा नाही, भीड मोडण्याचा आहे. भीड मोडली की पाच वर्षं लपवलेलं दुखणं पाच दिवसांत दवाखान्यात पोहोचतं.

मिशेरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दात घासायला म्हणून सुरू होते आणि पुढे पोटात कळ आली की, राग आला की, काम लांबलं की बोटावर येते. ती भाजलेली तंबाखूच आहे. तोंडाचा कर्करोग तिनं होतो, आणि गरोदरपणात लावली तर बाळाचं वजन कमी भरतं. तोंडात न भरणारी जखम, पांढरा चट्टा, तोंड पूर्ण न उघडणं यांतलं काहीही दिसलं तर तपासून घ्या. सोडताना पहिला आठवडा चिडचिडीचा आणि डोकेदुखीचा जातो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा. बडीशेप किंवा भाजलेला ओवा जवळ ठेवा, आणि शक्यतो जावेबरोबर, शेजारणीबरोबर जोडीनं सोडा. १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर तंबाखू सोडायला मदत मिळते.

मनाचं आणि पुरुषांचं

गावात कुणी ‘मी खचले आहे’ असं म्हणत नाही. छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात, डोकं जड होतं, झोप पहाटे तीनला मोडते, असं म्हणतात. रक्त तपासून, हृदय तपासून काही निघालं नाही, तर तो आजार खोटा आहे असा अर्थ नव्हे. सतत कुणाचं तरी करत राहणं, पैशाची ओढाताण, घरातलं दारूपायीचं भांडण, हे सगळं शरीरातून बोलतं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नसेल, कशातच जीव रमत नसेल, जगण्याचा कंटाळा आल्याचे विचार येत असतील, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून तो चालू आहे, रात्रंदिवस लागतो, मराठीत बोलतात आणि पैसे पडत नाहीत. घरात मारहाण होत असेल तर १८१ ला फोन करा. मार सोसत राहून कुणाचंही मन शांत होत नाही, तेव्हा तिथं श्वासाचे व्यायाम सांगण्यात अर्थ नाही.

हे पुरुषांनीही वाचावं अशी माझी इच्छा आहे. चेलाडी फाट्यावरून रोज दुचाकीवर पुण्याला जाऊन येणारा, रात्रपाळी करून सकाळी शेतावर जाणारा, टेम्पो चालवणारा माणूस चार-पाच तासांच्या झोपेवर वर्षानुवर्षं काढतो. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते. ती मिळाली नाही की रक्तदाब चढतो, गाडीवर डुलकी लागते आणि घरी येऊन बायको-पोरांवर खेकसायला होतं. पुरुषांना दुखणं सांगायला आणखी संकोच वाटतो आणि त्यावर बाटली हा उपाय सापडतो. तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासा. रक्तदाब १४०/९० च्या वर दोन वेगवेगळ्या दिवशी निघाला, तर काही त्रास होत नसला तरी औषध सुरू करावं लागू शकतं, आणि सुरू झाल्यावर बरं वाटतं म्हणून आपल्या मनानं बंद करायचं नसतं. दिवसभरात मीठ एका चहाच्या चमच्याहून जास्त नको. लोणचं, पापड, सुकट, खारे बोंबील यांतलं मीठ त्यातच धरायचं.

वाटणी

राजगडाच्या पायथ्याशी पाल खुर्द इथं महाराणी सईबाईंची समाधी आहे. १४ मे १६५७ ला पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची प्रकृती बरी नव्हती आणि बाळाला अंगावर पाजणं त्यांना शक्य नव्हतं. तेव्हा आपल्या भोर तालुक्यातल्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी राजांना दूध पाजलं. पुढे ५ सप्टेंबर १६५९ ला सईबाई राजगडावर वारल्या. आजारी बाळंतिणीकडून होणार नाही ते काम दुसऱ्या बाईनं उचलावं, हे इथल्या माणसांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी मान्य केलं होतं, आणि धाराऊंचं नाव आजही आदरानं घेतात. आपल्या घरातल्या थकलेल्या सुनेच्या बाबतीत तेवढा समजूतदारपणा आपण का दाखवत नाही, असा प्रश्न मला पडतो.

शेतात हे शहाणपण आपल्याकडे आहेच. इर्जिक घालून, सावडीनं एकमेकांची खाचरं लावण्याची पद्धत याच डोंगरांत वाढली. ती उंबऱ्याच्या आत आणायची आहे. लावणीच्या पंधरवड्यात वाडीतल्या चार घरांनी दुपारच्या भाकऱ्या पाळीपाळीनं एकाच घरी कराव्यात, म्हणजे तीन घरच्या बायका रोज पहाटे तासभर जास्त झोपतील. लहान मुलांना एका म्हातारीपाशी ठेवून तिला त्याबद्दल काही द्यावं. शनिवारी रात्री घरी येणाऱ्या नवऱ्यानं रविवारची सकाळची धार आणि पाणी भरणं आपल्याकडे घ्यावं. आठवड्यातून एक सकाळ, इथून सुरुवात झाली तरी चालेल. दहा वर्षांच्या मुलीला भांडी घासता येतात तर दहा वर्षांच्या मुलालाही येतात.

अंथरुणावरच्या माणसाचं करणाऱ्या सुनेला महिन्यातून दोन पूर्ण दिवस सुटका मिळालीच पाहिजे. भाऊ पुण्यात असतील तर नुसते पैसे पाठवून त्यांची जबाबदारी संपत नाही. महिन्यातला एक शनिवार-रविवार एका भावानं सपत्नीक येऊन आई-वडिलांचं करावं, आणि घरच्या सुनेनं त्या दोन दिवसांत माहेरी जावं, झोपावं, देवाला जावं, तिला वाटेल ते करावं. हे घरातल्या मोठ्या माणसानं सगळ्यांसमोर बोलून ठरवावं. सुनेनं मागितलं की भांडण होतं. सासऱ्यांनी सांगितलं की रिवाज होतो. गौरी-गणपतीला आणि गावच्या यात्रेला मुंबई-पुण्याहून पंधरा-वीस माणसं घरी येतात, तेव्हा येणाऱ्यांनी एक वेळचा स्वयंपाक आपल्या अंगावर घ्यावा, पुरुषांसकट.

राजगड-तोरण्याच्या पायथ्याच्या गावांत ट्रेकला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालणाऱ्या बायकांचं दुखणं वेगळं. सगळ्या जगाची सुट्टी ती त्यांची कामाची पाळी: शनिवारी मध्यरात्री माणसं येतात, रविवारी संध्याकाळपर्यंत चूल विझत नाही, आणि सोमवारी शेत उभंच असतं. अशा घरांनी सोमवारची दुपार विश्रांतीची म्हणून पक्की करावी आणि त्या दिवशी नवं काम घेऊ नये. रात्री दहानंतर येणाऱ्यांना जेवण मिळणार नाही, असं फोनवरच आधी सांगावं. गिऱ्हाईक तुटत नाही, वेळेवर येऊ लागतं. आणि गडावर जाणाऱ्या तुम्हा-आम्हालाही हे पाळता येतं.

एवढं सगळं एकदम होणार नाही, म्हणून एकच जागा धरा: बचत गट. ज्ञान प्रबोधिनीच्या ग्रामीण स्त्री-शक्तीच्या कामातून वेल्हे, भोर, हवेलीच्या गावांत बायकांचे गट उभे राहिले. पुढे सरकारी योजनांतूनही गट झाले. महिन्याची ठरलेली तारीख, ठरलेली जागा आणि एकमेकींवरचा भरवसा या तिन्ही गोष्टी गटाकडे तयार आहेत. हप्ते गोळा झाल्यावर पाऊण तास आरोग्यासाठी ठेवा. एका महिन्यात सगळ्यांचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून वहीत लिहा, पुढच्या महिन्यात पांढरं जाणं आणि पाळी यांवर बोला, त्यापुढे मिशेरीवर. तीस वर्षांपुढच्या बायकांची गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाची तपासणी सरकारी केंद्रांत दर पाच वर्षांनी होते. तिला एकटीनं जायचं म्हटलं की पाय मागे पडतो, दहा जणी मिळून एक गाडी केली की दुपारपर्यंत परत येता येतं. भोरचं उपजिल्हा रुग्णालय आणि वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय या दोन्ही ठिकाणी जाण्याआधी कोणत्या दिवशी कोणते डॉक्टर असतात ते आशाताईंकडून विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडत नाही. गटाच्या कर्जात दवाखान्यासाठीचं लहान कर्ज असं वेगळं खातं ठेवा, ज्याला घरच्या पुरुषाच्या सहीची वाट पाहावी लागणार नाही.

तुमच्या गटाची पुढची बैठक लावणीत बुडणार असेल तर ती बुडू देऊ नका, खाचराच्या बांधावर घ्या. आशाताईंना आजच फोन करा, रक्तदाबाचं यंत्र घेऊन या म्हणावं, आणि पहिलं नाव स्वतःचं लिहा.